परदेशी पदवीचा खरा हिशेब

येथील खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचे शुल्क झेपत नाही, म्हणून वऱ्हाडातील मध्यमवर्गीय पालक परदेशाकडे वळतात. परंतु शुल्क कमी म्हणजे खर्च कमी, असे नव्हे. 2021 च्या नियमांनुसार तेथे किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम व 12 महिन्यांची आंतरवासिता, मायदेशी परवाना-परीक्षा आणि पुन्हा वर्षभराची आंतरवासिता अटळ आहे. परीक्षेत नापास झाल्यास पदवी असूनही व्यवसाय करता येत नाही. 2022 च्या युद्धामुळे युक्रेनमधील हजारो विद्यार्थी अर्ध्या शिक्षणातून परतले. ही जोखीमही खर्चातच धरावयास हवी. त्यापेक्षा अकोला वा अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयासाठी आणखी एक वर्ष अभ्यास करणे स्वस्त पडते. मात्र तेथील जागा मोजक्या आहेत. त्या वाढविणे हे शासनाचे कर्तव्य होय.