"हे संगीतच नव्हे!"

परवा नातवाने कुरोसावाचा 'रान' (१९८५) हा जपानी चित्रपट लावून दिला. गडावर हल्ला होतो, बाण सुटतात, माणसं पडतात, आगी लागतात. पण किंचाळ्या नाहीत की घोड्यांच्या टापा नाहीत. कितीतरी वेळ फक्त वाद्यवृंदाचा संथ शोक. मग एक गोळी सुटते आणि युद्धाचे सगळे आवाज एकदम अंगावर येतात. मी हातातलं विणकाम बाजूला ठेवलं.

हे संगीत तोरू ताकेमित्सू यांचं (१९३०-१९९६). मग दोन-तीन दिवस त्यांच्याबद्दल वाचण्यातच गेले.

१९४४ मध्ये, शाळकरी वयात, या मुलाला लष्करी कामाला जुंपलं होतं. शत्रूदेशांचं संगीत ऐकायला तेव्हा बंदी. एका अधिकाऱ्याने चोरून एक फ्रेंच गाण्याची तबकडी ऐकवली, आणि मुलाने ठरवलं की आपण संगीतच करायचं. घरी पियानो नाही. रस्त्यातून जाताना कुठल्या घरातून पियानो ऐकू आला की दार ठोठावून "थोडा वेळ वाजवू द्याल का?" म्हणून विचारायचे. थोडंफार मार्गदर्शन सोडलं तर शिक्षण सगळं ऐकून ऐकून.

१९५० मध्ये त्यांची पियानोची रचना सादर झाली. एका समीक्षकाचा शेरा असा, की हे अजून संगीत झालेलंच नाही.

इथे मी वाचायची थांबले. कारण असा शेरा मीही दिलेला आहे.

आठवीच्या वर्गाला 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध घातला होता. एका मुलाने जेमतेम सहा ओळी लिहिल्या. छप्पर गळतंय, खाली घमेलं, टप टप आवाज, मध्येच आवाज थांबतो, आई उठून बघते. बस्स. मी लाल शाईने लिहिलं, 'हा निबंध नव्हे. पुन्हा लिहिणे.' त्याने लिहिला. 'आकाशात काळे ढग जमले होते...' गाईडातला. मी दहापैकी सात गुण दिले. त्यानंतर त्याने मला कधी वेगळं काही लिहून दाखवलं नाही.

ताकेमित्सूंनी १९६० मध्ये नुसत्या पाण्याच्या थेंबांचे आवाज ध्वनिफितीवर घेऊन एक रचना केली. हे वाचल्यावर तो मुलगा आठवल्याशिवाय राहील का?

ते मात्र थांबले नाहीत. १९५१ मध्ये मित्रांबरोबर त्यांनी 'जिक्केन कोबो', म्हणजे प्रयोगांची कार्यशाळा काढली. त्यांचं १९५७ चं तंतुवाद्यांसाठीचं शोकसंगीत स्ट्राविन्स्कींनी जपानभेटीत ऐकून वाखाणलं. युद्धाच्या आठवणींमुळे जपानी वाद्यं त्यांना बरीच वर्षं नकोशी वाटत. पुढे बुनराकू या बाहुलीनाट्याचं संगीत ऐकून डोळे उघडले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला 'नोव्हेंबर स्टेप्स'मध्ये बिवा आणि शाकुहाची ही दोन वाद्यं पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर आली. ताकेमित्सूंनी त्यांचं मीलन घडवलं नाही, वेगळेपण तसंच ठेवलं. दोन स्वरांमधल्या भरलेल्या शांततेला जपानीत 'मा' म्हणतात. तिलाही त्यांनी स्वराइतकाच मान दिला.

खरं सांगते, 'नोव्हेंबर स्टेप्स' मला पहिल्यांदा रुचली नाही. समेची वाट पाहणारा कान माझा. दुसऱ्यांदा दिवे मालवून ऐकली, तेव्हा शाकुहाचीतला वाऱ्यासारखा श्वास कळला. सगळीच कळली असं म्हणणार नाही.

मग मुलांना नियम शिकवायचेच नाहीत का? शिकवायचे. शुद्धलेखनाच्या चुका मी आजही दाखवीन. नावीन्य म्हणून सगळंच चांगलं असतं असंही नाही. पण 'मला आवडलं नाही' आणि 'हे संगीतच नव्हे' यांत फरक आहे. पहिलं आपल्याबद्दलचं विधान असतं. दुसऱ्याने समोरच्याचं दार बंद होतं. ताकेमित्सूंनी दुसरी दारं ठोठावली. सगळ्यांना ते जमत नाही, आणि आठवीतल्या मुलाकडून ती अपेक्षा करणारी मी कोण?

असो. त्या सहा ओळींना आज मी किती गुण दिले असते ते ठाऊक नाही. पण लाल शाईचं पेन उचलण्याआधी त्या दुसऱ्यांदा नक्की वाचल्या असत्या.