थरथर कुठली?

जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे स्टिअरिंग थरथरू लागले, की मालक थेट नवे सुटे भाग मागवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्या उघडून बसणाऱ्या आम्हा हौशी मंडळींचा शिरस्ता उलटा. आधी तपास, मग पैसा!

'ट्रायम्फ स्पिटफायर'च घ्या. १९६२ साली निघालेली ही इंग्रज गाडी 'हेरल्ड'वरून बेतलेली; ती हेरल्ड मद्रासलाही 'स्टँडर्ड' नावाने बनत असे. ठराविक वेगालाच थरथर येत असेल, तर पुढची चाके मागे लावून पाहा. थरथर हातातून बैठकीखाली गेली, तर दोष चाकाचा. तोल साधून घ्या. ब्रेक दाबल्यावरच आली, तर तबकडी तपासा. एरवी गाडी जॅकवर घ्या, खाली ठोकळे लावा आणि चाक हलवा. दोन्ही अंगांनी खडखडले, तर बेअरिंग. नुसते वरखाली, तर ट्रनियन किंवा वरचा बॉल जॉइंट. नुसते आडवे, तर स्टिअरिंगचे सांधे.

ट्रनियनला गिअरचे घट्ट तेलच द्या, ग्रीस भरू नका. तेलावाचून उभ्या दांड्याचे आटे गंजतात, दांडा मोडतो आणि चाक गाडीखाली दुमडते. पन्हाळ्याच्या वळणावर असा प्रसंग कोणा वाचकावर न येवो!