बोलीची शिस्त

हिंजवडीलगतच्या माण गावाच्या शिवारात माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा राहिला आणि देशभरातील तरुण येथे वस्तीला आला. कबड्डी वा क्रिकेटचा हंगाम जवळ आला, की अशा तरुणांच्या मित्रमंडळींत काल्पनिक संघांचे लिलाव रंगू लागतात. प्रत्येकाकडे कागदावरची सारखीच थैली. तिच्यात ज्याने त्याने आपला संघ उभारायचा. वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटेल. परंतु मर्यादित धन आणि अमर्याद मोह यांचा मेळ घालण्याचे शिक्षण त्यात दडलेले आहे.

माणपासून जवळच असलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलाशी नाते सांगणाऱ्या पुणेरी पलटणचेच उदाहरण घ्यावे. २०२३च्या प्रो कबड्डी लिलावात प्रत्येक संघाची थैली ५ कोटींची होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले. पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख. दोघांनीही सुमारे अर्धी थैली एकाच खेळाडूवर रिती केली. फळ मात्र निराळे मिळाले. टायटन्स तळाला राहिले, तर १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पलटणने प्रथमच विजेतेपद पटकावले. पवन काही कमी गुणवान नव्हता. परंतु पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखे, स्वतःच घडवलेले चढाईपटू आधीपासून होते. उणीव होती ती बचावात, आणि नेमक्या त्याच जागी पैसा ओतला गेला. तात्पर्य, मोठी बोली हा दोष नव्हे. पूर्वतयारीविना लावलेली मोठी बोली हा दोष होय.

काल्पनिक लिलावातही हेच सूत्र लागू पडते. प्रत्येक खेळाडूचे मोल आधीच घरी बसून ठरवावे. समान योग्यतेचे चार बचावपटू शिल्लक असता पहिल्यासाठी झुंजू नये. मात्र शेवटचा उरेपर्यंतही थांबू नये, कारण त्याचा भाव हमखास चढतो. आपल्याला नको असलेले नामवंत नाव आरंभीच पुकारावे, म्हणजे इतरांच्या थैल्या हलक्या होतात. उरलेल्या जागांचा हिशेब क्षणभरही सुटू देऊ नये. थैलीत २० रुपये, भरायच्या जागा ७ आणि किमान बोली १ रुपया असेल, तर कमाल बोली १४चीच. अखेरीस थैलीत पैसे शिल्लक राहणे हीदेखील काटकसर नव्हे. त्यातून संघच दुबळा होतो.

मात्र कागदी रुपयांची जागा खऱ्या वेतनाने घेतली, की खेळ संपून व्यसन सुरू होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला, तो याच चिंतेपोटी. पण कायदा दाराशी पहारा देतो. मनातला पहारा ज्याचा त्यालाच द्यावा लागतो. ठरवलेल्या मोलापाशी हात आवरता घेण्याची सवय ज्याला मित्रांच्या बैठकीत लागली, तो सदनिकेच्या कर्जापुढे आणि बाजारातील आमिषांपुढेही आपला तोल ढळू देणार नाही.