एकाच रामायणाचा हट्ट

रामकथेचा ‘खरा’ पाठ एकच आणि उरलेले सारे अपभ्रंश, हा समज भक्तिपरंपरेच्या अज्ञानातून जन्मतो. सीताहरणाचा प्रसंगच पाहावा. वाल्मीकींचा रावण सीतेचे केस धरून तिला उचलतो. तमिळ कवी कंबनाला हा स्पर्श असह्य झाला. त्याचा रावण पर्णकुटीसह भूमीच उचलून नेतो. अध्यात्मरामायणात हरण होते ते मायासीतेचे. तुलसीदासांनी रामचरितमानसात तेच स्वीकारले, आणि अग्निपरीक्षा ही खऱ्या सीतेच्या पुनरागमनाची घटिका ठरली. या विकृती नव्हेत. श्रद्धेने कथेला विचारलेल्या प्रश्नांची ती उत्तरे होत. अर्थात या उत्तरांचे मोलही द्यावे लागले : सीतेची विटंबना टळली, तशी तिची वेदनाही झाकली गेली. म्हणूनच एक रामायण दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली; तिने वाल्मीकींचा पाठ निश्चित केला, रामकथेची सीमा नव्हे. २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाने ए. के. रामानुजन यांचा रामकथांच्या बहुविधतेवरील निबंध अभ्यासक्रमातून वगळला. निबंध वगळता येतो; कंबन आणि तुलसीदास कसे वगळणार?