ऑपरेशन गुडघ्याचं करायचं की एमआरआय रिपोर्टचं?

ऑपरेशनआधी 'फिटनेस' घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या तरुणांना मी एक प्रश्न विचारतो : वळताना, जिना उतरताना गुडघा दगा देतो का? पुष्कळांचं उत्तर असतं, "नाही डॉक्टर, पण रिपोर्टमध्ये एसीएल पूर्ण तुटलाय ना!"

मित्रहो, इथेच आपली चूक होते. एसीएल हा गुडघ्याच्या आतला, नडगीचं हाड पुढे सरकू न देणारा अस्थिबंध. तो तुटला तरी मांडीचे स्नायू बळकट असतील तर ते त्याचं बरंचसं काम सांभाळू शकतात. हे एमआरआयमध्ये दिसत नाही.

स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं. दुसऱ्याला आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दुखणं आणि हालचाल यांत 2 वर्षांनी व 5 वर्षांनीही दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्या लोकांना 5 वर्षांत ऑपरेशन लागलंच नाही.

मग ऑपरेशन वाईट का? मुळीच नाही. जुनी दुखापत आणि वारंवार निसटणारा गुडघा असेल तर ऑपरेशन सरस ठरतं, हे ब्रिटनमधल्या 2022 च्या अभ्यासाने दाखवलं. कबड्डी, फुटबॉल पुन्हा खेळायचा असेल किंवा अनेक अस्थिबंध तुटले असतील, तर सर्जनचं ऐकाच. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर त्यांना लगेच दाखवा. उलट, आतल्या बाजूचा एमसीएल एकटाच दुखावला असेल तर तो बहुतेक वेळा ब्रेस आणि व्यायामाने भरून येतो.

आणि व्यायाम म्हणजे आठ दिवस शेक आणि मशीन नव्हे, मालीश तर नव्हेच! फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली किमान 3 महिने घाम गाळायचा. त्या काळात मैदानावर उतरायचं नाही. गुडघा पुन्हा निसटला तर आतली गादी फाटू शकते.

म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा : "आधी व्यायाम करून पाहिला तर माझं काय नुकसान होईल?" चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही, बसून समजावतो. उत्तराऐवजी पॅकेजचा कागद पुढे आला, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. गुडघा तुमचा आहे.