घोट्यालाही हवा सव्वा महिना

आपल्याकडे घरातल्या पुरुषाचं ऑपरेशन झालं की भेटायला येणारे विचारतात, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ बाईचं झालं की विचारतात, ‘मग स्वयंपाकाचं कसं करता?’ प्रश्न काळजीपोटीच असतो, पण त्यातच सगळं आलं. बाईचं दुखणं मोजायचं माप म्हणजे चूल. ती ओट्यापाशी उभी राहिली की बरी झाली!

गेल्या वर्षी मे महिन्यात, शाळेला सुट्या लागल्यावर, माझ्या उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालं. सांध्याच्या पुढच्या बाजूला हाडाचं टोक वाढलं होतं. ‘हाड वाढलं’ म्हटलं की बायका टाचेखालचं हाड समजतात. ते वेगळं. टाचेचं दुखणं बहुतेक वेळा मऊ चपला, ताणाचे व्यायाम आणि थोडा धीर यांवरच आटोक्यात येतं. घोट्यातलं हाड वाढतं ते जुन्या मुरगळण्यामुळे, सांध्याच्या झिजेमुळे किंवा तिथे वारंवार मार बसल्यामुळे. फुटबॉल खेळणाऱ्यांत ते इतकं आढळतं की त्याला ‘फुटबॉलपटूचा घोटा’ असंच नाव पडलंय. मी काही फुटबॉल खेळले नाही. पण उकिडवं बसून फरशी पुसताना, जिने चढताना घोटा पुढे वाकतो आणि नेमकं तेव्हाच ते टोक रुततं. गोळ्या, पट्टा, व्यायाम सगळं झालं, तेव्हा कुठे डॉक्टरांनी ते काढायचं ठरवलं.

ऑपरेशन तासाभराचं. खरं काम त्यानंतरचं. माझ्या बाबतीत पहिले दोन आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नव्हता, उशांवर छातीपेक्षा उंच ठेवायचा होता. मग टाके निघाले, वॉकर आला, फिजिओथेरपी सुरू झाली. पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवायचा व्यायाम दिला होता. पहिलीच्या वर्गाला शिकवणारी मी, पुन्हा पहिलीत बसले म्हणा ना! दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या काहीजणी लवकर चालू लागतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलंच वेळापत्रक खरं. पण सूज मात्र आठवड्यांत नाही, महिन्यांत उतरते.

हे लोकांना पटवणंच अवघड. पंधराव्या दिवशी शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, ‘काय व बाई, घोट्याचंच तं होतं ना? आता तं चालाले लागली असशीन!’ मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, ‘बाळंतिणीले सव्वा महिना कोणी खाली पाय ठेवू देते काय? मंग इले काहून?’

मैत्रिणींनो, माझ्या मनातलं त्या एका वाक्यात बोलून गेल्या. बाईच्या शरीराला विश्रांती लागते हे आपल्या घरांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? बाळंतिणीची खोली, शेक, वेगळा स्वयंपाक, सगळं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलंय. पण ती सवलत बाळासाठी. बाईचं नुसतं हाड दुखत असेल, तर तिच्यासाठी सव्वा महिना कुठल्या पोथीत लिहिलेला नाही.

सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी 289 मिनिटं जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. म्हणजे बाईची जवळजवळ पाच तासांची पाळी. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात तीसही नाहीत. बाई अंथरुणावर पडली की हे पाच तास कोणी करायचे, याचा हिशोब ऑपरेशनच्या तारखेआधी व्हायला हवा. क्रिकेटपटू मोहम्मद शमीच्या टाचेचं ऑपरेशन फेब्रुवारी 2024 मध्ये झालं. मध्ये त्याचा गुडघाही सुजला आणि तो मैदानात उतरला थेट नोव्हेंबरमध्ये. सगळा देश थांबला त्याच्यासाठी. आपल्यासाठी घरानं सहा आठवडे थांबायला काय हरकत आहे?

आणि आपल्या अकोल्यात तर हे आणखी गरजेचं. इथे नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी प्लॅस्टर असो की ताप, बाई बादल्या घेऊन धावतेच. उन्हाळ्यात कूलरचं पाणी फरशीवर सांडलेलं. त्यात वॉकर घसरला तर एका ऑपरेशनची दोन व्हायची. म्हणून आमच्याकडे कागदावर लिहूनच काढलं: पाणी भरणं मुलाकडे, कूलर आणि फरशी ह्यांच्याकडे, भाकरीसाठी एक ताई लावल्या. भाजी कधी खारट झाली, कधी अळणी. कोणी उपाशी राहिलं नाही.

चौथ्या महिन्यात महालक्ष्म्या आल्या. तोवर मी शाळेत जात होते, पण संध्याकाळी घोटा सुजायचाच. जावांनी स्वयंपाक केला, मी खुर्चीवर बसून भाज्या निवडल्या. महालक्ष्म्या काही रागावल्या नाहीत.

घरच्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, ताप आला, जखमेतून पू आला किंवा प्लॅस्टरमधली बोटं निळी-बधिर पडली, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये, लगेच दवाखाना गाठावा. सुजलेल्या पोटरीला मालीश तर मुळीच नको. आत रक्ताची गाठ असेल तर जीवावर बेतू शकतं. मधुमेह असेल तर जखम भरायला वेळ लागतो, तेव्हा साखर सांभाळायची.

माझी सुटी पगारी होती, हे मी विसरत नाही. धुणीभांडी करणारीचा, कपाशी वेचायला जाणारीचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला की मजुरीच बुडते. तिला ‘आराम कर’ म्हणणं सोपं, करू देणं अवघड. म्हणून मला वाटतं, प्रत्येक बचत गटानं एक वॉकर आणि एक कमोडची खुर्ची विकत घेऊन ठेवावी; लागेल तिनं न्यावी, बरी झाली की परत करावी. गटातल्या दहाजणींनी तिच्या घरी आळीपाळीनं डबा दिला तर एकीला महिन्यातून तीनच डबे येतात. आणि खर्चाच्या धास्तीनं दुखणं अंगावर काढण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, ते विचारून घ्यावं.

हाड डॉक्टर काढतात. पाय बरा करतं ते घर आणि शेजार. तेव्हा यापुढे कुणा मैत्रिणीला भेटायला गेलात, तर स्वयंपाकाचं कसं करता हे विचारू नका. डबाच घेऊन जा!