त्यांना शुगर होती...

कोरोनात आमच्या बीड जिल्ह्यात कुणी गेले की लोक म्हणायचे, "त्यांना शुगर होती." संपला विषय! मला हे पटत नाही. शुगर काही कोरोनाबरोबर आली नव्हती. रक्तातली साखर वाढलेलीच राहिली की जंतूंशी लढणारी शक्ती कमी होते, मग न्यूमोनिया आवरत नाही. शुगर आटोक्यात असलेली माणसे त्यातून जास्त वाचली. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी बीपी-शुगरची विचारपूस झाली. चांगलेच झाले. (साथ आल्याशिवाय आपल्याकडे कोण दार वाजवतो म्हणा!) पण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गोळ्यांचे काय? त्या फडावर मिळायला हव्यात, दर महिन्याला, साथ नसतानाही.